अजून एक झाकण

सभा कुठलीही असो, आभार मानायचं काम शेवटी माझ्याकडेच येतं. मला फार गोड बोलता येतं म्हणून नव्हे. आभाराची वेळ झाली की लोक चपला शोधायला लागतात, आणि मी उभी राहिले की निम्मी सभा हाताची घडी घालून जागेवर बसते. माझा जन्म दहावीला गणित शिकवण्यात गेला. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय आणि उरलेल्यांनी त्यांच्याकडून माझ्याबद्दल ऐकलंय. तेव्हा आजही मी आभारच मानणार आहे. फार वेळ घेणार नाही, असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते.

सगळ्यात आधी आमच्या मनुकेचे आभार. मनुका म्हणजे माझी साडेचार वर्षांची नात. रडू यायच्या आधी तिचं सगळं तोंड आक्रसून बारीक होतं, म्हणून हे नाव पडलं. या मुलीला मोजायचं भारी वेड होतं. चपला मोजायची, खिडकीचे गज मोजायची, आजोबांच्या जांभया मोजायची. एकोणतीसपर्यंत गाडी झोकात जायची आणि पुढे म्हणायची, "वीसदहा, वीसअकरा, वीसबारा..." दुसरी कुठली आजी असती तर तिने उचलून मुका घेतला असता. मी म्हणायचे, "च्! तीस!"

आता या 'च्'बद्दल सांगायला हवं. तो मी मुद्दाम करत नाही. कुठे चूक दिसली की जीभ आपोआप टाळूला लागते आणि सुटते. पण त्या एवढ्याशा आवाजाने भल्या भल्या पोरांच्या हातून खडू गळून पडलाय. शिपाईसुद्धा घंटेचे टोल देताना माझ्या वर्गाकडे बघून द्यायचा.

तर हळूहळू मनुकेने मोजणं बंद केलं. मला वाटलं, वा, पोरगी मनातल्या मनात करायला लागली! एके दिवशी स्वयंपाकघरात सूनबाई म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

मी म्हटलं, "मी कधी रागावते?"

यावर तिने कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मनू हल्ली मोजतच नाही. कुणी 'किती?' म्हटलं की हात मागे नेते. बालवाडीतसुद्धा. ताईंनी तुम्हाला बोलावलंय."

मला. बोलावलंय. शाळेत. आयुष्यभर मी लोकांच्या आजी-आजोबांना बोलावून घेतलं होतं. गेले. बालवाडीच्या ताई म्हणजे माझ्या चष्म्याच्या वयाची मुलगी. तिने मला मुलांच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि माणसाचा निम्मा रुबाब तिथेच संपतो.

"आजी," ती हसून म्हणाली, "थोडे दिवस तिला काही शिकवू नका."

"शिकवू नको?"

"घरात काहीतरी पुष्कळ असू द्या. तिला हात घालू द्या, सांडू द्या. मोजायला सांगू नका. ती आपणहून मोजायला लागली तर चुका काढू नका. तिला आकड्यांचं नवल वाटू दे."

"आणि मग मी काय करू?"

"तुम्हीपण नवल करा."

मी घरी आले ती धुसफुसतच. नवल करणं हे आमच्या अभ्यासक्रमात कधीच नव्हतं. आमचे हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना सगळं सांगितलं, तर पेपरामागून म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर असेल." हे वाक्य ते माझ्याबद्दल उभ्या आयुष्यात बोललेले नाहीत.

पण त्याच संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर पाखरं येऊन बसली, चांगली रांगेने. मनुका धावत गेली, बोट वर केलं, आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग बोट खाली घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. ज्या घरात गणिताची बाई आहे त्या घरात पोरीने पाखरं मोजू नयेत? मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हिचं बोट पुन्हा वर झालं पाहिजे.

ताई म्हणाली होती, पुष्कळ काहीतरी. काय आणावं? मी बाटल्यांची झाकणं निवडली. रंगीत असतात, फुकट असतात, धुता येतात. इमारतीच्या दारातल्या फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बाटल्यांची झाकणं हवीत. चौथा मजला.'

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी माझा जुना विद्यार्थी. शेवटचा बाक. तो त्याच दिवशी वर आला.

"बाई, किती हवीत ते लिहिलं नाहीत."

"म्हणजे?"

"किती हवीत, कधीपर्यंत हवीत, काही नाही. मर्यादा लिहिली नाही की तुम्ही आमचा अर्धा गुण कापायचात." हे वाक्य बोलायची संधी तो केस पांढरे होईपर्यंत शोधत असावा. दिवसभर त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. मी मात्र हट्टाने फळा पुसला नाही. तो पुसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून माझ्या हट्टाचेही आभार.

पहिल्या दिवशी ओंजळभर झाकणं आली. दुसऱ्या दिवशी पिशवी आली. मग औषधाच्या दुकानदाराने खोकं पाठवलं, आणि कुठल्याशा ऑफिसच्या कॅन्टीनमधून आख्खं पोतं आलं. मला कळेना, एवढा उत्साह कशाचा? नंतर कळलं की सेक्रेटरीने फळ्याचा फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरवला होता, आणि फिरता फिरता कुणीतरी त्याला 'आजारी मुलीच्या मदतीसाठी' अशी शेपटी जोडली होती. दारात अनोळखी माणसं डोळे पुसत उभी राहायला लागली.

"कशी आहे हो मुलगी?"

"ठणठणीत आहे."

"धीराच्या आहात हो बाई!" असं म्हणून पिशवी देऊन जायची. एकदा मनुका त्यांच्या देखत सोफ्यावरून उडी मारून गेली, तर एक गृहस्थ म्हणाले, "बघा, गुण आला!"

आता शेजारच्या वहिनींचे आभार. यांना सल्ला द्यायला कुणी विचारावं लागत नाही. "झाकणं मिठाच्या पाण्यात धुवा," म्हणाल्या. धुतली. "मिठाच्या नाही हो, सोड्याच्या!" पुन्हा धुतली. मग म्हणाल्या, "हातानं कशाला मरताय? उशीच्या अभ्र्यात घाला आणि मशीनला लावा." लावली. अभ्रा फाटला. मशीनमधून जो आवाज सुरू झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. दुरुस्तीवाल्याने मशीन उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा मागितला. मोरीची नळी तुंबली ती वेगळीच. उरलेली झाकणं गच्चीवर वाळत घातली, तर वारा सुटला आणि सेक्रेटरीच्या नव्या गाडीवर टपाटपा झाकणांचा पाऊस पडला. त्याच्या चेहऱ्यावरचं तेज तेव्हा जरा कमी झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं माझं चाललं होतं.

चार पोती मी बालवाडीला पाठवली. उरली ती बैठकीच्या खोलीत ओतली. ढीग एवढा झाला की आमच्या ह्यांची आरामखुर्ची त्यात बुडाली. हे बिचारे दारातल्या चपला घालायच्या स्टुलावर बसून पेपर वाचायला लागले. हल्ली फिरायला मात्र लवकर जायचे, खिशाला पेन लावून.

आणि मनुका? मनुका त्या ढिगात लोळायची, कोपरापर्यंत हात खुपसायची, झाकणं डोक्यावर ओतून घ्यायची. लाल वेगळी करायची, पुन्हा मिसळायची. हसायची खूप. पण मोजायची नाही. 'एक' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायची नाही. मी जिभेला दातांत धरून बाजूला बसायचे आणि नवल करायचा प्रयत्न करायचे. ते दिसायला कसं दिसत होतं कोण जाणे, पण एकदा सूनबाईने विचारलं, "आई, दाढ दुखतेय का?"

अशात स्वच्छता खात्याची नोटीस आली. 'निवासी जागेत विनापरवाना भंगाराचा साठा.' कुणीतरी निनावी तक्रार केली होती. तक्रारीत म्हटलं होतं की, 'सदर घरातील एका ज्येष्ठ नागरिकास बसावयास जागा उरलेली नाही.' मी म्हटलं, हा सेक्रेटरी! गाडीचा सूड! आणि वर माझ्याबद्दल खोटा कळवळा! मी कुठे बसायला जागा नाही म्हणून कुरकुरले होते?

खात्याच्या ऑफिसात गेले. पहिल्या खिडकीवर म्हणाले, "भंगाराचा परवाना काढा."

"अहो, हे भंगार नाही. शैक्षणिक साहित्य आहे."

"मग शाळेचा परवाना दाखवा. तिसरी खिडकी."

तिसऱ्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "नग किती?"

सगळ्या जगाला 'किती?' विचारण्यात माझी हयात गेली, आणि त्या खिडकीशी उभं राहून मला म्हणावं लागलं, "माहीत नाही." मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही, विद्यार्थीच असणार.

"मग आमचा माणूस येऊन मोजेल," तो म्हणाला. "मोजणी पूर्ण झाली की आकडा लिहायचा, आकडा लिहिला की गाडी येऊन माल घेऊन जाईल. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय आम्ही कशाला हात लावत नाही. नियम आहे."

घरी येऊन हे सूनबाईला हळूच सांगत होते. मनुकेने तेवढं 'घेऊन जाईल' ऐकलं. तिचं तोंड आक्रसलं. "माझी झाकणं?" म्हणाली, आणि ढिगावर पालथी पडून राहिली.

ठरल्या दिवशी इन्स्पेक्टर आला. चांगला आडदांड माणूस, छातीवर बिल्ला, काखेत फाइल. मी दार उघडलं तर त्याची फाइलच खाली पडली.

"बाई, तुम्ही?"

मी ओळखलं. खिडकीजवळचा तिसरा बाक. अपूर्णांक आले की याला ताप यायचा.

"ये," म्हटलं. "तुझं काम तू कर."

तो बिचारा जमिनीवर मांडी घालून मोजायला बसला आणि मी सवयीने त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याची मान लाल व्हायला लागली. चाळीसच्या पुढे कुठेतरी त्याने तोच आकडा दोनदा म्हटला.

"च्!"

मी केला नाही हो. झाला.

इन्स्पेक्टर जागच्या जागी थिजला. हातातलं झाकण गळून पडलं. आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. समोर दारात मनुका उभी होती. तिचेही हात मागे होते. एकाच्या मिशा पिकलेल्या, एकीचे दुधाचे दात, आणि दोघंही अगदी सारखीच माझ्याकडे बघत होती. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मला रडूच आलं असतं, पण मनुका पुढे आली. तिने इन्स्पेक्टरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, घाबरू नको. आजी रागावली नाहीये. तिच्या तोंडातून तसा आवाजच येतो." मग त्याच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "तुला येत नाही का? मी मोजू तुझ्याबरोबर?"

आणि ती खाली बसली. बोट वर झालं. "एक," ती म्हणाली. "दोन."

मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन तशीच उभी राहिली. पोरगी मोजत होती! आणि माझ्या मनाची अवस्था काय सांगू. प्रत्येक आकड्याला आनंदाने जीव वर येत होता आणि प्रत्येक आकड्याबरोबर ती गाडी आमच्या दाराकडे येत होती. थांब म्हणावं तर हिचं मोजणं पुन्हा बंद होणार, मोज म्हणावं तर झाकणं जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"एकोणतीस," मनुका म्हणाली. "वीसदहा."

इन्स्पेक्टरने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी तोंडावरचे हात न काढता मान हलवली. त्याचा चेहरा उजळला. "वीसदहा," तोही म्हणाला. "वीसअकरा," दोघं मिळून म्हणाली. आणि मला तेव्हा दिसलं. अहो, वीस आणि दहा तीसच की! पोरगी चुकत नव्हतीच. मी तिला इतके दिवस बरोबर उत्तराबद्दलच टोकत होते.

मग वीसदहा झाकणांची एक अशा चळती लागल्या. आवाज ऐकून वहिनी आल्या आणि "डावीकडून लावा, डावीकडून" असं म्हणत खाली बसल्या. माझ्यावर नजर ठेवायला आलेला सेक्रेटरीसुद्धा मोजायला बसला. आमचे हे स्टूल घेऊन जवळ आले. चळती बैठकीच्या खोलीतून जिन्यापर्यंत गेल्या. ढीग संपत आला, आरामखुर्चीचे पाय दिसायला लागले. शेवटी इन्स्पेक्टरने बेरीज केली, दोनदा पडताळली, माझ्याकडे न बघता पेन काढलं आणि आकडा लिहिला.

तेवढ्यात मनुकेने फ्रॉकच्या खिशातून एक झाकण काढलं आणि ठेवलं. "आता?"

"आता अजून एक," म्हणत त्याने आकडा खोडला आणि नवा लिहिला.

ती स्वयंपाकघरात पळाली आणि तेलाच्या बाटलीचं झाकण घेऊन आली. "आता?"

"अजून एक." पुन्हा खोडलं.

"आणि मग अजून एक आणलं तर?"

"तर अजून एक."

"आणि मग?"

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. मनुका माझ्याकडे वळली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण रडायच्या नव्हत्या. "आजी, मग आकडे कधी संपतात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं एका ओळीत सांगून पान उलटलं होतं. कुणी कधी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. मी तोंडावरचे हात काढले.

"संपत नाहीत गं बाळा. कितीही मोजलंस तरी अजून एक असतोच."

"कधीच नाही संपत?"

"कधीच नाही."

तिचा आ वासला. ती चळतींकडे बघत राहिली, मग छताकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. मग एकदम खिदळली, गॅलरीत धावली आणि खाली रस्त्यावरच्या सगळ्या जगाला ओरडून सांगितलं, "संपतच नाहीत! आकडे संपतच नाहीत!" माझ्या अंगावर काटा आला. ताईच्या गळ्याची शपथ, मी नवल करत होते, आणि या वेळी दाढ दुखत नव्हती.

इन्स्पेक्टर म्हणाला, "बाई, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास."

तो हसला. मग फाइल मांडीवर घेतली, आकड्याची ओळ सबंध खोडली आणि त्याजागी लिहिलं, 'मोजणी चालू आहे.' सही ठोकली.

"मोजणी पूर्ण झाल्याशिवाय गाडी येत नाही, बाई," तो म्हणाला. "नियम आहे. मी अधूनमधून येईन मोजायला." आणि खरंच येतो. येताना खिशातून झाकण आणतो. मनुका त्याला हल्ली अपूर्णांक विचारते. अर्ध्या झाकणाला काय म्हणायचं, वगैरे. त्याला ताप येत नाही.

तेव्हा मनुकेचे आभार, सूनबाईचे आभार, ताईचे, वहिनींचे, दुरुस्तीवाल्याचे, इन्स्पेक्टरचे आभार. सेक्रेटरीचे मात्र मी मोजणीच्या दिवशीच, इन्स्पेक्टर गेल्यावर, जरा तिरकस मानले होते. म्हटलं, "आणि ज्या सद्गृहस्थांनी निनावी तक्रार केली, त्यांचेही आभार. त्यांच्यामुळेच पोरगी पुन्हा मोजायला लागली."

सेक्रेटरी गोंधळून म्हणाला, "बाई, शपथ, मी नाही केली."

आमचे हे बऱ्याच दिवसांनी आरामखुर्चीत बसले होते, मनुका मांडीवर. पेपर अगदी नाकाजवळ. मला खिशाचं पेन आठवलं, चपलांच्या शेजारचं ते स्टूल आठवलं, आणि तो बसायला जागा नसलेला ज्येष्ठ नागरिक कोण ते माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं.

"अहो," मी म्हटलं, "ती तक्रार तुम्ही केलीत?"

पेपर हळूच खाली आला. "अगं, एकच केली होती," ते अपराध्यासारखे म्हणाले. "खरंच सांगतो, एकच."

मी काही बोलणार एवढ्यात मांडीवरून बोट वर झालं.

"आजोबा," मनुका म्हणाली, "अजून एक करता येते. संपतच नाहीत."

'च्' माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी तो गिळला, आणि आमच्या ह्यांचे दोनदा आभार मानले.